नर्सिंगच्या माजी विद्यार्थ्यांचे कर्तृत्व नोंदवायचे, पण नेमके काय नोंदवायचे?

प्रपाठिका_विदर्भ

नमस्कार.

विदर्भातील एका नर्सिंग महाविद्यालयात मी शिकवते. आमच्या माजी विद्यार्थी संघाने पदवीधरांच्या कारकिर्दींची ओळख करून देणारी स्मरणिका काढायचे ठरवले असून संपादनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी आणि पॅरामेडिकल तंत्रज्ञान या तिन्ही शाखांचे विद्यार्थी त्यात असावेत, अशी कल्पना आहे. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनासाठीही माजी विद्यार्थ्यांची माहिती द्यावीच लागते, त्यामुळे व्यवस्थापनाने या कामाला नेहमीपेक्षा जरा लवकरच होकार दिला.

पहिल्या बैठकीत नावे सुचवायला सांगितले, तेव्हा यादी झटपट तयार झाली. आखाती देशांत आणि इंग्लंडला गेलेले, ‘नॉरसेट’ उत्तीर्ण होऊन एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर झालेले, लष्करी परिचर्या सेवेत लेफ्टनंट म्हणून दाखल झालेल्या मुली आणि पीएच.डी. करून प्राचार्यपदी पोहोचलेल्या एक-दोघी अशी ती यादी होती. या सर्वांचा मला मनापासून अभिमान आहे. नॉरसेटला देशभरातून उमेदवार बसतात आणि वेतनस्तर 7 मधील, म्हणजे 44,900 रुपये मूळ वेतनापासून सुरू होणारी ती नोकरी सहजासहजी मिळत नाही. तरीही यादी वाचून झाल्यावर एक गोष्ट खटकली. माझ्या घरचे कोणी आजारी पडले, तर ज्यांच्या हाती मी त्यांना निर्धास्तपणे सोपवीन, अशा विद्यार्थिनींपैकी बहुतेकींचे नाव त्यात नव्हते. कोणी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आहे, कोणी डायलिसिस विभाग सांभाळते, कोणी आदिवासी भागातल्या उपकेंद्रावर कंत्राटी नेमणुकीवर काम करते. त्यांना फोन केला, तर “मॅडम, माझ्याबद्दल काय लिहिणार? मी अजून स्टाफ नर्सच आहे,” असे उत्तर येते.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारते. या क्षेत्रातील पदवीधरांचे कर्तृत्व नोंदवताना पद, देश आणि पगार यांच्यापलीकडे काय पाहावे? आणि प्रश्नावलीत कोणते प्रश्न विचारले, म्हणजे मंडळी पदनाम लिहून थांबणार नाहीत?

---

निवृत्त_अधिसेविका

प्रपाठिका ताई, तुमच्या विद्यार्थिनीचे “अजून स्टाफ नर्सच आहे” हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतक्या जणींच्या तोंडून ऐकले आहे की, त्याचे उत्तर आधी सरकारी रचनेतून द्यावे लागेल.

शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका (म्हणजेच स्टाफ नर्स), मग परिसेविका (कक्षाची प्रमुख), मग सहायक अधिसेविका आणि शेवटी अधिसेविका अशी चढण असते. वरच्या पायरीवरची पदे मोजकी आणि बढती प्रामुख्याने ज्येष्ठतेनुसार. एखादी बाई परिसेविका म्हणून निवृत्त झाली, तर त्यावरून ती कोणत्या वर्षी सेवेत आली आणि तिच्या पुढे किती जणी होत्या, एवढेच कळते. तिच्या कामाचा दर्जा त्यातून कळत नाही. माझ्या हाताखाली अशा परिसेविका होत्या की, त्या रजेवर गेल्या की निवासी डॉक्टर आपणहून फेऱ्या वाढवत असत. हे कोणत्याही गोपनीय अहवालात लिहिलेले सापडणार नाही.

आता कर्तृत्व म्हणजे काय, याविषयी. मुंबईच्या कामा रुग्णालयात 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री प्रसूतिपूर्व कक्षात ड्युटीवर असलेल्या अंजली कुलथे यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. अतिरेकी आवारात शिरल्यावर त्यांनी कक्षातील सुमारे 20 गरोदर स्त्रियांना आडोशाच्या खोलीत हलवले, दारे लावली आणि दिवे मालवले. त्याच धामधुमीत एका बाईला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेऊन पोहोचवले. पुढे त्यांनी कसाबला ओळखले आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपली साक्ष मांडली. मला त्यांच्या धैर्याइतकाच त्यामागच्या सरावाचा आदर वाटतो. गोळीबार सुरू असताना कोणती रुग्ण चालू शकते, कोणाला आधार लागेल, कोणाचा रक्तदाब वाढलेला आहे, हे आठवायला रोजचे काम डोक्यात पक्के बसलेले असावे लागते. हे पाठ्यपुस्तकी शौर्य नव्हे, कक्षाची नीट झालेली ‘ओव्हर’, म्हणजे पाळी बदलताना एकीने दुसरीला दिलेली प्रत्येक रुग्णाची माहिती, आहे.

दुसरे उदाहरण केईएम रुग्णालयाचे. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर अचेत अवस्थेत गेल्या, त्यांची शुश्रूषा सहकारी परिचारिकांनी 1973 पासून 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 42 वर्षे केली. एवढ्या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण सेवेत खंड पडला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात या सेवेची प्रशंसा केली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून देणे, कंबर, टाचा आणि खांदे तपासणे, पाठीची निगा राखणे, चादरीची सुरकुती राहू न देणे ही कामे किती चिवटपणाची आहेत, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच समजेल. या कामात कोणा एकीचे नाव पुढे येत नाही. तुमच्या स्मरणिकेत अशा सामूहिक कामाला जागा कशी देणार, याचाही विचार करावा.

प्रश्नावलीसाठी माझी सूचना एवढीच की, “तुमच्या कक्षात तुम्ही सुरू केलेली आणि तुमची बदली झाल्यावरही चालू राहिलेली एक पद्धत सांगा,” असे विचारा.

---

रात्रपाळी

निवृत्त_अधिसेविका मॅडमचा शेवटचा प्रश्न फार नेमका आहे. मी मुंबईत कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करते आणि स्टोमा केअर, म्हणजे पोटावर काढलेल्या विसर्जनमार्गाची निगा, ही माझी शाखा आहे. पदनाम विचाराल, तर मीही कागदोपत्री स्टाफ नर्सच. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी या विषयाचे स्वतंत्र प्रशिक्षण मिळते, परंतु बहुतेक रुग्णालयांच्या आस्थापनेत या तज्ज्ञतेला वेगळे पद नाही. म्हणून तुमच्या यादीत मी आले असते, तर ‘स्टाफ नर्स, मुंबई’ या तीन शब्दांत आटोपले असते.

काम काय असते, ते थोडे विस्ताराने सांगते. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर मलविसर्जनासाठी नवा मार्ग काढावा लागणार असेल, तर तो नेमका कुठे असावा याची खूण आम्ही शस्त्रक्रियेपूर्वी करून ठेवतो. ही खूण रुग्णाला झोपवून करून चालत नाही. त्याला बसवावे लागते, उभे करावे लागते, पुढे वाकायला सांगावे लागते, कारण झोपल्यावर सपाट दिसणाऱ्या पोटाला बसल्यावर वळ्या पडतात आणि वळीत त्या मार्गावर लावायच्या पिशवीची चकती नीट चिकटत नाही. बाईला विचारावे लागते की, परकराची नाडी कुठे बांधता? पुरुषाला विचारावे लागते की, धोतर नेसता की पँट, आणि पट्टा कुठे येतो? ती जागा त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे, नाहीतर तो आयुष्यभर पिशवी बदलण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहील. शेतात वाकून काम करणाऱ्या माणसाची खूण आणि दिवसभर दुकानात बसणाऱ्याची खूण एकाच ठिकाणी येईलच असे नाही. शल्यविशारद शस्त्रक्रिया उत्तम करतात, पण खूण चुकली, तर पिशवी गळते, कातडी सोलवटते आणि माणूस लग्नकार्याला जाणे बंद करतो.

माझ्या दृष्टीने यश म्हणजे तीन महिन्यांनी तपासणीला आलेला रुग्ण “एसटीने एकटाच आलो,” असे सांगतो तेव्हाचे. ते कोणत्या रकान्यात लिहायचे, ते तुम्ही ठरवा. मी तरी असा प्रश्न ठेवीन: “तुमच्या कामामुळे रुग्णाला काय करता येऊ लागले?”

---

ब्रदर_उत्तर_इंग्लंड

परदेशात गेलेल्यांची बाजू मांडतो, कारण वरच्या चर्चेत आमची नावे यादीत सर्वांत आधी आली आहेत.

इथे यायचे म्हणजे इंग्रजीची परीक्षा, मग नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची संगणकावरची परीक्षा आणि शेवटी इथे आल्यावर ‘ऑस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. ऑस्कीत रुग्णाचे मूल्यमापन, नियोजन, अंमलबजावणी आणि फेरतपासणी हे चारही टप्पे करून दाखवावे लागतात, शिवाय निवडक कौशल्येही. हात धुण्याचा क्रम चुकला किंवा औषध देण्यापूर्वी ॲलर्जी विचारायची राहिली, की परीक्षेतला तो भाग गेलाच. बँड म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची वेतनश्रेणी. नोंदणी होईपर्यंत बहुधा बँड 3 किंवा 4 चे वेतन मिळते आणि नोंदणीनंतर बहुतेक जण बँड 5 वर रुजू होतात. तोच बँड इथल्या ताज्या पदवीधरालाही मिळतो. भारतात ज्यांनी अतिदक्षता विभाग वर्षानुवर्षे सांभाळला, तेही इथे बहुधा त्याच पायरीवरून सुरुवात करतात. त्यामुळे ‘इंग्लंडमध्ये नोकरी’ एवढेच छापून थांबलात, तर तुम्ही आमच्या प्रवासाच्या सुरुवातीलाच शेवट समजाल. आल्यानंतर कोण बँड 6 वर गेले, कोण नव्याने आलेल्यांना प्रात्यक्षिक परीक्षेसाठी तयार करते, कोणी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वेगळे शिक्षण घेतले, हे विचारा.

आणखी एक. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये जर्मन शिकण्याची लाट आली आहे. चांगलेच आहे. परंतु परिचारक म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः बी-2 पातळीची भाषा लागते आणि ती दोन-चार महिन्यांच्या वर्गात येत नाही. आधी गेलेल्यांनी हे लिहून ठेवले, तर तुमच्या स्मरणिकेचा चौथ्या वर्षाच्या मुलांना खराखुरा उपयोग होईल. गोडगोड यशोगाथांपेक्षा तेवढे पान ते जपून ठेवतील.

---

स्पष्टवक्ता

सर्वांचे म्हणणे पटले, तरी पगाराचा रकाना काढून टाकू नका, अशी विनंती करतो.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा आणि सेवाशर्तींचा विचार करण्यासाठी समिती नेमायला केंद्राला सांगितले. 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकांएवढे वेतन असावे, 100 हून अधिक खाटांच्या ठिकाणी ते दहा टक्क्यांहून जास्त कमी नसावे, 50 ते 100 खाटांच्या ठिकाणी पंचवीस टक्क्यांहून जास्त कमी नसावे आणि 50 हून कमी खाटांच्या ठिकाणीही दरमहा 20,000 रुपयांच्या खाली जाऊ नये, अशा त्या समितीच्या शिफारशी आहेत. त्या किती ठिकाणी पाळल्या जातात, हे या चर्चेतल्या कोणालाही सांगायची गरज नाही. मी स्वतः एका खासगी रुग्णालयात नोकरी सोडताना मूळ प्रमाणपत्रे परत मिळवण्यासाठी वकिलाची नोटीस पाठवली आहे.

तेव्हा ज्या विद्यार्थिनीने आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पाळीचे तास कमी करून घेतले किंवा गरोदरपणातली रात्रपाळी बंद करवली, तिचे नाव प्राचार्यांच्या शेजारी छापा. व्यवस्थापनाला ते रुचेल की नाही, हा प्रश्न वेगळा.

---

उपकेंद्र

मी नंदुरबार जिल्ह्यात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, पदवी बी.एस्सी. नर्सिंग. आपल्या राज्यात या पदावर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे नर्सिंगमधून आलेल्याला सुरुवातीला “मग डॉक्टर कधी येणार?” हे ऐकावे लागते. नेमणूक कंत्राटी असते आणि मानधनाचा काही भाग कामावर आधारित मोबदल्याच्या रूपाने मिळतो, म्हणजे दरमहा अहवालातले आकडे भरल्याशिवाय तो हाती येत नाही.

आमच्या कामात कर्तृत्व मोजता येते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करायची, आशाताईंनी घरोघरी भरलेले सीबॅक अर्ज (आजाराचा धोका कोणाला, हे सांगणारी प्रश्नावली) पाहून कोणाला आधी बोलवायचे ते ठरवायचे आणि गरज पडली, की ई-संजीवनीवर डॉक्टरांशी रुग्णाचे बोलणे करून द्यायचे. पण नुसती तपासणी किती झाली, याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. नोंदलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब 140/90 च्या खाली राहिला, हा खरा आकडा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांपासून सुरू झाला, त्यातही भर याच आकड्यावर होता.

आमच्याकडे हा आकडा दिवाळीनंतर कोसळतो. पाड्यावरची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, गोळ्या घरी राहतात आणि होळीला परत आलेला माणूस कधी अर्धांगवायू घेऊनच येतो. म्हणून मी मुकादमाची टोळी कधी निघणार, हे आशाताईंकडून आधीच काढून ठेवते आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संमतीने जाणाऱ्यांना पुढच्या मुदतीच्या गोळ्या कार्डासह बांधून देते. कार्डावर औषधाचे नाव गुजरातीतही लिहिते, म्हणजे तिकडच्या दवाखान्यात अडत नाही. यासाठी मला कोणी पुरस्कार दिलेला नाही आणि कंत्राटाचे नूतनीकरण दरवर्षी टांगणीलाच असते. पण प्रपाठिका मॅडम, तुम्ही विचारलेत म्हणून सांगितले.

---

हाडवैद्य_नव्हे

टोपणनावावरून ओळखले असेलच, मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन छोट्या गोष्टी.

एक म्हणजे नर्सिंगची नोंदणी परिषद जुनी आहे. आमच्यासारख्या संलग्न शाखांसाठी देशपातळीवरचा कायदा मात्र 2021 मध्ये झाला. त्यामुळे प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायलिसिस किंवा शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ झालेल्या तुमच्या पॅरामेडिकल पदवीधरांना स्वतःची ओळख सांगतानाच अर्धा कागद लागेल. प्रश्नावली सर्वांना एकच ठेवू नका.

दुसरी गोष्ट, क्षेत्र सोडून गेलेल्यांना वगळू नका. केरळच्या ॲनिस कनमणी जॉय बी.एस्सी. नर्सिंग करून आयएएस झाल्या आणि कोविडच्या काळात कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी होत्या. तुमच्याही मुलींपैकी कोणी राज्यसेवेत, कोणी वैद्यकीय विम्यात, कोणी अवयवदान समन्वयक म्हणून काम करत असेल. मूल झाल्यावर नोकरी सोडून दहा वर्षांनी पुन्हा वॉर्डात परतलेलीही असेल. तिला परतताना काय काय नव्याने शिकावे लागले, हे मला वाचायला आवडेल.

---

प्रपाठिका_विदर्भ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या तपशिलाने उत्तरे येतील, अशी अपेक्षा नव्हती.

वरील सूचनांवरून मी प्रश्नावलीचा कच्चा मसुदा केला आहे. पदनाम आणि ठिकाण हे रकाने राहतील, पण शेवटी. सुरुवात “सध्या तुमच्या एका पाळीत काय काय घडते, ते सांगा,” या प्रश्नाने होईल. त्यानंतर अधिसेविका मॅडमचा बदलीनंतरही टिकलेल्या पद्धतीचा प्रश्न आणि रात्रपाळी यांचा रुग्णाला काय करता येऊ लागले हा प्रश्न येईल. परदेशस्थांसाठी वेगळे पान करून त्यात परीक्षा, भाषा, खर्च आणि पहिल्या वर्षातल्या अडचणी विचारू. वेतनाचा प्रश्न ऐच्छिक ठेवून उत्तरे नावाशिवाय एकत्रित छापावीत, असे मला वाटते. स्पष्टवक्ता यांना ते पुरेसे वाटणार नाही, हे जाणून आहे. सेवाशर्तींसाठी झगडलेल्यांची माहिती मात्र नावानिशी घेणार आहे आणि समितीत त्यावर वाद झाला, तर तो घालण्याची माझी तयारी आहे.

एक अडचण उरते. जुन्या तुकड्यांच्या विद्यार्थिनी सापडतच नाहीत. लग्नानंतर नावे बदलली, फोन बदलले आणि महाविद्यालयाच्या दप्तरात माहेरचे नाव आहे. कोणाला मार्ग ठाऊक आहे का?

---

निवृत्त_अधिसेविका

तुकडीनिहाय शोधा. प्रत्येक तुकडीत एक तरी अशी असते, जिच्याकडे वसतिगृहातल्या सगळ्या जणींचे नंबर असतात. तिला गाठले, की आठवड्याभरात निम्मी तुकडी हाती येते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे सेवेत असलेल्यांकडे नोंदणी क्रमांक असतोच. प्रश्नावलीत तो मागा, म्हणजे नावांचा घोळ होणार नाही. स्मरणिकेत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे छापा, नाहीतर वर्गमैत्रिणींनाच त्या ओळखू येणार नाहीत.

आणि रुग्णांच्या हकिकती छापण्याआधी त्यातले गाव, वय आणि आजार यांवरून माणूस ओळखू येत नाही ना, हे एकदा कोणाकडून तरी तपासून घ्या. छोट्या तालुक्यात नाव गाळून भागत नाही. मसुदा तयार झाला, की मला पाठवा, मी वाचून देईन.